एकशे अकराच्या पुढचा आकडा

नवव्या मिनिटाला विमान खडकावर आपटलं नाही. मयुरी तेव्हा पडद्याकडे नीट बघतही नव्हती. रविवारची दुपार होती, मांडीवर परात घेऊन ती वाटाण्याच्या शेंगा सोलत होती, आणि समोरच्या लॅपटॉपवर ते छोटं पिवळं विमान दरीतून वर सरकत होतं. हे रेकॉर्डिंग तिने अकरा वर्षांपूर्वी इतक्या वेळा पाहिलं होतं की कुठे काय होणार हे तिच्या मानेलाच ठाऊक होतं. तिसरी दरी, मग धुक्याचा पट्टा, मग डावीकडचा खडक, आणि मग विमान उगाच, कुणी मागून ढकलल्यासारखं त्या खडकात शिरतं. मान आपोआप डावीकडे कलली. विमान खडकाला जवळजवळ घासून पुढे निघून गेलं. पलीकडे दोन शत्रूची विमानं आडवी आली, ती पडली, आकडे वाढले, आणि पाण्याचा निळा पट्टा सुरू झाला. हा निळा पट्टा तिने या रेकॉर्डिंगमध्ये कधीच पाहिला नव्हता. हातातली शेंग अर्धी उघडलेली तशीच राहिली.

आपण चुकीची फाइल लावली असणार, असं तिला आधी वाटलं. तिने खेळ थांबवून नाव पाहिलं. नाव तेच होतं. धीरज चोपडे, कारंजा घाडगे, जिल्हा वर्धा, दोन हजार चौदा. शेरा: अमान्य, स्कोअर बनावट. शेऱ्याखाली तिचीच आद्याक्षरं होती.

मयुरी तागडे वर्ध्यात एका खासगी माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरीला होती. उरलेल्या वेळात, गेली बारा वर्षं, बिनपगारी, ती जुन्या आर्केड खेळांचे स्कोअर तपासत असे. एके काळी नाणं टाकून खेळायच्या ज्या उभ्या मशिनी होत्या, त्यांचे खेळ आता संगणकावर इम्युलेटर नावाच्या प्रोग्रॅममध्ये चालतात, आणि जगभरातले काही हजार लोक त्यात विक्रम करून एका वेबसाइटवर पाठवतात. पुरावा म्हणून रेकॉर्डिंग लागतं. पण या रेकॉर्डिंगमध्ये चित्र नसतं, हे घरी कुणाला समजावून सांगता सांगता ती थकली होती. त्यात फक्त हात असतात. कोणत्या क्षणी कोणतं बटण दाबलं, कधी सोडलं, एवढंच. तपासणाऱ्याने इम्युलेटर सुरू करायचा, ते हात त्यात सोडायचे, आणि खेळ पहिल्यापासून पुन्हा घडू द्यायचा. अट एकच, इम्युलेटरची आवृत्ती तीच हवी. आवृत्ती थोडी जरी वेगळी असली तरी खेळातलं शत्रूचं विमान डोळ्याची पापणी लवण्याइतकं उशिरा येतं, आणि हात मात्र जुन्याच वेळेला चालत राहतात. आंधळ्या माणसाच्या घरातलं सामान कुणी न सांगता हलवून ठेवावं तसं होतं. माणूस रोजच्यासारखा चालतो आणि आपटतो.

त्या दुपारी ती काही शोधत नव्हती. एका संग्राहकाने इम्युलेटरच्या मधल्या आवृत्त्यांचा गठ्ठा पाठवला होता. दोन मुख्य आवृत्त्यांच्या मध्ये काही आठवड्यांसाठी निघालेल्या आणि मग कुणीच जपून न ठेवलेल्या. त्या चालतात का हे बघायला तिला कोणतीही एक जुनी फाइल हवी होती. अमान्य फायलींच्या फोल्डरमधली वरची एक तिने उचलली. आवृत्ती लावली एकशे अकरा, आणि त्याच्या पुढे लहान चार. परात बाजूला ठेवून ती शेवटपर्यंत बसून राहिली. सत्तेचाळीस मिनिटं. कुठेही विमान अडखळलं नाही. शेवटी पडद्यावर आकडा उभा राहिला, आठ लाख चौदा हजार तीनशे. फॉर्मात त्याने हाच आकडा लिहिला होता.

राकेश, तिचा नवरा, देवळीच्या शाळेत शिक्षक होता. तो आतल्या खोलीतून आला तेव्हा ती काळ्या झालेल्या पडद्यासमोर बसलेली होती. "वाटाणे सोलून राह्यली का झोपून राह्यली?" त्याने विचारलं. तिने त्याला सांगितलं. एका पोराला आपण खोटारडा ठरवलं होतं आणि तो खरा निघाला, एवढंच सांगितलं. राकेशने परात उचलून टेबलावर ठेवली. "मंग आता खरं लिहून टाक," तो म्हणाला. "गेमच तं आहे. कोणाचा जीव थोडीच गेला." तिने मान हलवली. त्याचं बरोबर होतं. तरी पाठीत, मानेच्या जरा खाली, काहीतरी गार होऊन बसलं होतं. मागे कुणीतरी उभं आहे आणि बोलायला आपण वळण्याची वाट पाहतंय, असं.

कारण तिला एक गोष्ट आठवली होती, आणि ती राकेशला सांगितली नव्हती. धीरजने फॉर्माच्या खाली, शेऱ्याच्या चौकटीत, एक ओळ लिहिली होती. माझ्याकडच्या इम्युलेटरच्या सीडीवर एकशे अकराच्या पुढे एक लहान आकडा आहे, तो फॉर्मात बसत नाही. फॉर्मात आवृत्तीसाठी ठरलेल्या आकड्यांची यादी होती, त्यातून एक निवडायचा होता, आणि त्याने एकशे अकरा निवडून खाली ती ओळ लिहिली होती. ही ओळ तिच्या नजरेतून सुटली असती तर गोष्ट वेगळी होती. ती सुटली नव्हती. तिने ती वाचली होती, आणि वाचताना ओठांच्या एका कोपऱ्यात आलेलं हसूही तिला आता स्पष्ट आठवत होतं. त्या वर्षी तीन जणांनी, वेगवेगळ्या देशांतून, खराब फायली पाठवून 'आवृत्ती दुसरी होती' हेच कारण दिलं होतं, आणि तिघंही लबाड निघाले होते. हा चौथा, असं तिला वाटलं होतं.

ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. लग्न व्हायचं होतं, नाचणगावात वडिलांकडे राहत होती, बीएस्सी झाली होती आणि नोकरी नव्हती. तपासणाऱ्यांच्या समितीत तिला घेतलं तेव्हा देशातून ती एकटीच होती. वडिलांना काय काम आहे ते कळलं नव्हतं, पण परदेशी माणसं आपल्या पोरीला विचारून निर्णय घेतात एवढं कळलं होतं, आणि ते पुलगावच्या बाजारात लोकांना ते सांगत. धीरजची फाइल आली तेव्हा समितीतल्या एकाने तिला गमतीने लिहिलं होतं, तुमच्याच जिल्ह्यातला आहे म्हणे, बघा, सांभाळून घ्या. त्या एका वाक्याने ती ताठ झाली. आपलं माणूस म्हणून सोडून दिलं असं कुणी म्हणू नये, या भीतीने तिने ती फाइल नियमापेक्षा जास्त कडकपणे तपासली, सहा आवृत्त्यांवर. सहाही ठिकाणी विमान वेगवेगळ्या जागी फुटलं. एकशे अकरावर त्या डावीकडच्या खडकात, बाकी ठिकाणी पुलावर, एकदा तर सुरुवातीच्याच दरीत. खरी फाइल एखाद्या तरी आवृत्तीत चालते, ही कुठेच चालत नाही, म्हणजे फाइल बनावट. हा निष्कर्ष तिने स्वच्छ इंग्रजीत लिहिला होता आणि दोनदा वाचून पाठवला होता.

सोमवारी प्रयोगशाळेत मातीच्या पुड्या फोडताना तिच्या हाताखालची नावं मिसळली. सेलूच्या एका शेतकऱ्याची चिठ्ठी हिंगणघाटच्या पुडीवर गेली. बाजूच्या मंजुषाताईंनी ते वेळेत पाहिलं आणि काही न बोलता चिठ्ठी परत लावली. मातीचा रंग सारखाच होता, दोन्ही काळ्या. मंजुषाताईंनी पाहिलं नसतं तर एकाच्या शेतात दुसऱ्याच्या मातीचं खत पडलं असतं, आणि पीक गेल्यावर त्याने दोष पावसाला दिला असता. आपण लावलेल्या चिठ्ठीमुळे माणसाचं काय होतं हे आपल्याला कधीच कळत नाही, असं तिच्या मनात आलं. आणि लगेच दुसरी गोष्ट वर आली, जी ती कालपासून दाबून धरत होती. निकालाबरोबर गोष्ट संपली नव्हती. तिने धीरजला खासगी पत्र लिहिलं होतं.

ते पत्र वेबसाइटवर अजून तसंच होतं. जेवणाच्या सुट्टीत, फोनवर, तिने ते उघडलं. मराठीत होतं. "धीरज, मी तुझ्याच जिल्ह्यातली आहे, म्हणून मोठ्या बहिणीसारखं सांगते. तू नाही नाही म्हणत राहिलास तर नाव कायमचं काळ्या यादीत राहील, आणि ते सगळ्यांना दिसेल. कबूल केलंस तर एक वर्षाची बंदी, मग पुन्हा खेळ. कबूल केलं की संपतं. विचार कर." त्याच्या खाली त्याचं उत्तर होतं. मॅडम, मी खरंच खेळलो. तिचं उत्तर, सगळेच असं म्हणतात. मग तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी दोन ओळी, मी स्कोअर खोटा दिला, माफ करा. हे वाचल्यावर त्या वेळी तिला किती बरं वाटलं होतं. एका पोराला आपण मोठ्या संकटातून सोडवलं असं वाटलं होतं, आणि त्या संध्याकाळी तिने वडिलांसाठी सांभारवडी केली होती. वर्ष संपल्यावर तो परत आला नाही. तिनेही पाहिलं नाही. आता त्या दोन ओळी वाचताना तिला त्यांच्या आधीचे तीन दिवस दिसत होते. रिकामे. त्यात काय होतं हे सांगणारं कोणतंही रेकॉर्डिंग नव्हतं.

तिने समितीला लिहिलं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, सभ्य आणि आखूड. फाइल चालते हे मान्य. पण खेळाडूची कबुली नोंदीत आहे, ती आपण रद्द करू शकत नाही. त्याने स्वतः सहीनिशी लिहून द्यावं की आधीची कबुली खोटी होती, आणि खेळताना वापरलेली नेमकी आवृत्ती त्याने स्वतःच्या आठवणीने सांगावी. तपासणाऱ्याने ती सुचवू नये. मग स्कोअर परत लावू. तिने धीरजचा जुना मोबाइल नंबर लावून पाहिला. नंबर अस्तित्वात नव्हता. बुधवारी, गुरुवारी तिने आणखी काही केलं नाही. रात्री जेवताना राकेशने विचारलं, "काऊन गप आहे तू?" ती म्हणाली, "मी शुक्रवारी कारंजाले जाऊन येते." तो म्हणाला, "मेल पाठव न. एवढ्या दूर जायचं कायले?" तिला सांगता आलं नाही. अकरा वर्षांपूर्वी तिने मेलच पाठवला होता.

आर्वीमार्गे बस जात होती. डिसेंबर होता, कापूस बराचसा वेचून झाला होता, आणि आर्वी सोडल्यावर संत्र्याच्या बागा लागल्या. लॅपटॉपची पिशवी तिने दोन्ही हातांनी धरली होती. खिडकीतून ऊन आत येत होतं तरी तिला थंडी वाजत होती. काय म्हणायचं याची ती मनात जुळवाजुळव करत होती. आनंदाची बातमी आहे, असं सुरू करावं. तुमचा स्कोअर खरा होता. मग तो हसेल, म्हणेल, काय मॅडम, एवढं आठवणीत ठेवलं, मी तं विसरून गेलतो. हा प्रसंग तिने इतक्या वेळा रंगवला की कारंजा येईपर्यंत तो घडून गेल्यासारखा वाटायला लागला. प्रत्येक वेळी धीरजच्या चेहऱ्याच्या जागी मात्र काहीच येत नव्हतं. तिने त्याला कधी पाहिलंच नव्हतं. तिने फक्त त्याचे हात पाहिले होते. उजवीकडे वळण्याआधी तो नेहमी विमान किंचित डावीकडे न्यायचा, एक लहानसा झोका घेतल्यासारखा. हे तिला त्या रविवारी, निळ्या पट्ट्यावर, कळलं होतं.

फॉर्मावर पत्ता म्हणून एका कॉम्प्युटर क्लासचं नाव होतं. तिथे आता मोबाइलचं दुकान होतं. काउंटरवरच्या माणसाने क्लास आपल्याच भावाचा होता म्हणून सांगितलं, खुर्ची दिली. मग तिने धीरज चोपडेबद्दल विचारलं आणि तो फोनच्या काचेवर कव्हर चढवता चढवता थांबला. "अॅक्सिडेंटवाला?" त्याने विचारलं. तिने म्हटलं, मला माहीत नाही. त्याने तिच्याकडे, मग पिशवीकडे पाहिलं. "तुमी विम्याच्या हा काय?" नाही, ती म्हणाली, जुनी ओळख आहे. मग त्याने मुलाला पाणी आणायला सांगावं तसं अगदी सहज, खाली बघत, सांगितलं. "थो भेटन तुमाले. घरी माय हाय त्याची, सुलोचनाबाई. दवाखान्याच्या मागं, टिनाचं फाटक. पर बाई, त्याले जास्त काई इचारू नोका. इचारलं की थो हो म्हणते."

टिनाच्या फाटकाआड एक बाई तूर वाळत घालत होती. मयुरीने नाव सांगितलं, वर्ध्याहून आले म्हटलं. सुलोचनाबाईंनी हात पुसले आणि पहिला प्रश्न विचारला, "कोर्टातून आल्या काय?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी ओसरीवर सतरंजी टाकली, गूळ आणि पाणी दिलं. "आमच्या घरी कोणी आलं तं कागद घेऊनच येते, म्हणून इचारलं," त्या म्हणाल्या. मयुरीच्या पिशवीत, लॅपटॉपच्या मागच्या कप्प्यात, कोरा कागद आणि पेन होतं. तिने पाणी प्यायलं. काय झालं होतं, तिने विचारलं, आणि विचारताना आपला आवाज अधिकाऱ्यासारखा निघतोय असं तिला वाटलं.

सुलोचनाबाईंनी तूर पसरता पसरता सांगितलं. नवरा, नत्थूजी, धीरज तुरुंगात असतानाच वारले होते. धीरज ज्या कॉम्प्युटर क्लासात असायचा तो बंद पडल्यावर ट्रकवर क्लिनर म्हणून जायचा. सात वर्षांपूर्वी तळेगावच्या अलीकडे, हायवेवर, सायकलवरचा एक म्हातारा ट्रकखाली आला. गाडी ओमप्रकाश नावाचा ड्रायव्हर चालवत होता. त्याच्यावर आधीच्या दोन केसेस होत्या. मालकाने धीरजला बाजूला घेऊन सांगितलं, तुझी पहिलीच आहे, तू घे आपल्या अंगावर, लवकर सुटशील. "आन् यानं घेतलं," त्या म्हणाल्या. "पैशे घेतले काय मनलं तं नाई. धमकी देल्ली काय तं नाई. म्या लय इचारलं, बापू, काऊन रे कबूल केलं? तं म्हणे, माय, कबूल केलं की संपते. त्याच्या बापानं कपाळ आपटलं अथीसा, या ओसरीवर. पर त्याचं एकच, कबूल केलं की संपते. कोण्या शिकलेल्या बाईनं सांगतलं म्हणे त्याले." त्यांनी तुरीचा एक खडा वेचून बाहेर फेकला. "दीड वर्ष होता आतमंदी. आता बरा हाय. काम करते."

मीच ती, हे शब्द मयुरीच्या तोंडात तयार होते. ते बाहेर पडले नाहीत. सुलोचनाबाई तिच्याकडे पाहत होत्या, चांगल्या डोळ्यांनी, पाहुण्याकडे पाहावं तसं. तिने उठून विचारलं, कुठे काम करतो? त्यांनी रस्ता सांगितला. येताना जेवून जायला सांगितलं. ती फाटकापर्यंत आली आणि तिला समोर बसस्टँडचा रस्ता दिसला. साडेबाराची आर्वीची गाडी मिळाली असती. ती गेली असती तर कुणाला कळलंही नसतं, कारण ती कोण हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. हा विचार तिने पूर्ण केला, अगदी गाडीत बसून खिडकी उघडेपर्यंत. मग दुसऱ्या बाजूला वळली.

संत्र्याच्या शेडमध्ये तणसाचा आणि सालीच्या तेलाचा वास कोंदला होता. दहा-बारा माणसं खाली बसून फळं निवडत होती, लहान, मध्यम, मोठं, वेगवेगळ्या क्रेटमध्ये. तिने कुणालाच विचारलं नाही. ती दारातच उभी राहून हात बघत होती. तिसऱ्या रांगेत एक माणूस होता, तिशीचा, अंगाने बारीक, कानावरचे केस पांढरे झालेले. संत्रं उजवीकडच्या क्रेटमध्ये टाकण्याआधी त्याचा हात किंचित डावीकडे जायचा. लहानसा झोका, आणि मग फळ उजवीकडे. पुन्हा तसंच. पुन्हा. जगातल्या कोणत्याही आवृत्तीत हे हात तिने ओळखले असते. त्यांना खोटं ठरवायला तिला सहा आवृत्त्या आणि दोन आठवडे लागले होते, आणि खरं ठरवायला दारात उभं राहून एक मिनिट पुरलं.

"धीरज," ती म्हणाली. तो लगेच उठला. "मी मयुरी तागडे. स्कोअर तपासायचे ती." त्याला ओळखायला वेळ लागला नाही. "मॅडम," तो म्हणाला, आणि पॅन्टला हात पुसून त्याने एक उलटा क्रेट तिच्यासाठी पुढे केला. स्वतः उभा राहिला. तिने त्याला बसायला लावलं तेव्हा तो बसला. ठरवलेलं सगळं ती विसरली होती. तिने लॅपटॉप उघडला आणि फाइल लावली, एवढंच तिला सुचलं. पिवळं विमान दरीतून निघालं. धीरज पाहत होता, मास्तरांनी फळ्याकडे बघायला सांगितल्यावर बघावं तसा. तिसरी दरी गेली, धुकं गेलं, विमान खडकाजवळून निसटलं. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे काहीच हललं नव्हतं. त्याची बोटं मात्र मांडीवर, फळ नसतानाही, बारीक बारीक हलत होती, आणि ते त्याला ठाऊक नव्हतं.

"हे तुमचं आहे," ती म्हणाली. "हे खरं होतं. चूक माझी होती. तुम्ही आवृत्तीबद्दल लिहिलं होतं आणि मी ते वाचून सोडून दिलं." मग जरा पुढे वाकून, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्याने विचारलं, "म्हंजे मी तवा जे लिहून देल्लं थे खोटं झालं?"

"हो."

"मंग त्याची केस होते काय? खोटं लिहून देल्ल्याची?"

नाही, ती म्हणाली, कसलीच केस होत नाही, आणि तिचा आवाज फुटला. त्याने तिच्याकडे काळजीने पाहिलं. पाणी आणू काय, त्याने विचारलं. तिने मान हलवली. तिला म्हणायचं होतं की त्या म्हाताऱ्याच्या वेळी तू गाडी चालवत नव्हतास, ते दीड वर्ष, तुझे वडील, ते सगळं माझ्या एका ओळीतून निघालं. तिने सुरुवात केली, "तुमच्या आईने मला ट्रकचं सांगितलं. ते तुम्ही केलं नव्हतं ना?" तो थांबला. त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावर फिरले, कपाळावर, मग तोंडावर, काहीतरी शोधत. "तुमाले काय पाह्यजे?" त्याने विचारलं. त्यात राग नव्हता. दुकानदार विचारतो तसं त्याने विचारलं होतं.

तेव्हा तिने समितीचं सांगितलं. स्कोअर परत लागेल, नाव यादीतून निघेल. फक्त खेळताना सीडीवर कोणता आकडा होता ते तुम्ही तुमच्या आठवणीने लिहायचं. मी सांगायचं नाही. "एकशे अकराच्या पुढे लहान आकडा होता, तो कोणता, आठवतं का?" तो म्हणाला, "तुमी सांगान तो." नाही, तुम्हीच आठवा, ती म्हणाली, सावकाश आठवा. शेडमध्ये फळं क्रेटमध्ये पडत होती, टप, टप. धीरज तिच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाला, "एक?" ती गप्प राहिली. "दोन?" तिने नजर खाली वळवली, तणसाकडे. तिला कळलं होतं तो काय करतोय, आणि आपला चेहरा दगडासारखा ठेवायचा तिने जीव तोडून प्रयत्न केला. "तीन," तो म्हणाला, आणि थांबला. "चार." तिने काहीच केलं नव्हतं. श्वाससुद्धा रोखून धरला होता. पण कुठेतरी, पापणीत किंवा गळ्यात, काहीतरी झालं असणार, कारण त्याचा चेहरा हलका झाला. "चारच होता मॅडम," तो म्हणाला. "आता आठवलं. पक्का चार."

पिशवीतून कोरा कागद तिने काढला की त्यानेच हात पुढे केला, हे तिला नंतर नीट आठवेना. त्याने कागद क्रेटच्या सपाट बाजूवर ठेवला, चारी कोपरे तळहाताने दाबून सरळ केले, पेनचं टोपण मागे लावलं. "मराठीत चालते ना?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता लिहायला सुरुवात केली. अक्षर सुंदर होतं, सरावाचं, एका सरळ रेषेत जाणारं. त्यासाठी त्याला विचार करावा लागत नव्हता. मी, खाली सही करणार, धीरज नत्थूजी चोपडे, वय तीस, राहणार कारंजा, कोणाच्याही दबावाशिवाय, पूर्ण शुद्धीत लिहून देतो की

तिथे पेन थांबलं. त्याने मान वर केली. "सांगा," तो म्हणाला.